फिल्म जरूर करा, पण प्रेसपाशी माणूस हवाच

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचा प्रेस शॉप आहे. गाड्यांना लागणारे छोटे पार्ट आम्ही प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून-कापून आकार देणाऱ्या मशीनवर, करतो. मी एचआर आणि ट्रेनिंग दोन्ही बघते. निम्म्याहून जास्त मुलं कॉन्ट्रॅक्टरची. काही बीड, परभणी, नांदेडकडची; बाकी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची. दर महिन्याला नवे चेहरे. आजवर नव्या मुलाला आमचे जुने ऑपरेटर अण्णा दोन दिवस सोबत घेऊन शिकवायचे. आता साहेबांनी एका स्टुडिओकडून अ‍ॅनिमेशन फिल्मचं कोटेशन मागवलं आहे. वीस मिनिटांची एकच फिल्म. तिच्यात कंपनीची ओळख, शिस्त, सेफ्टी, क्वालिटी, फाइव्ह एस (जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), पगार, रजा असं सगळं. साहेब म्हणतात, फिल्म दाखवली की अर्ध्या तासात इंडक्शन उरकेल आणि अण्णांचे दोन दिवस वाचतील. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला तिचं उद्घाटन करायचं ठरतंय. अण्णा पुढच्या वर्षी रिटायर होतात. ते काही बोलले नाहीत, पण दुखावलेत हे दिसतं. मला स्वतःला अ‍ॅनिमेशन आवडतं, पोरंही मोबाइलवर दिवसभर व्हिडिओच बघतात. तरी मन तयार होत नाही. अ‍ॅनिमेशन बघून माणूस खरंच शिकतो का? भाषा कोणती ठेवू? आणि साहेबांना काय सांगू?

एक वाचक, भोसरी


ताई, नमस्कार.

साहेबांची कल्पना उडवून लावू नका, आणि आहे तशी मान्यही करू नका. फिल्म करा. फक्त वीस मिनिटांची एक करण्याऐवजी दोन-तीन मिनिटांच्या तीन-चार करा, आणि अण्णांचे दोन दिवस त्यांच्याकडेच राहू द्या. ही फिल्म अण्णांच्या हातात द्यायची आहे, त्यांच्या जागी बसवायची नाही. साहेबांना पटवायला लागेल तेवढा मुद्देमाल खाली देते.

तुमचा पहिला प्रश्न, अ‍ॅनिमेशनने माणूस शिकतो का. यावर बरंच संशोधन झालंय आणि उत्तर सरळ हो किंवा नाही असं नाही. २००२ साली मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्व्हर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास तपासले. जिथे जिथे अ‍ॅनिमेशन स्थिर चित्रांपेक्षा वरचढ ठरल्याचा दावा होता, तिथे बहुतेक वेळा अ‍ॅनिमेशनमध्ये माहितीच जास्त भरलेली होती. तुलना बरोबरीची केल्यावर फायदा उरत नव्हता. पुढे २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड मेयर यांच्या गटाने चार विषय घेऊन प्रयोग केले: आकाशात वीज कशी तयार होते, टॉयलेटची टाकी कशी रिकामी होते, समुद्राच्या लाटा, आणि गाडीचे ब्रेक. एका गटाला आवाजासह अ‍ॅनिमेशन दाखवलं, दुसऱ्याला कागदावर चित्रं आणि मजकूर दिला. अ‍ॅनिमेशनवाला गट एकाही ठिकाणी पुढे गेला नाही, काही ठिकाणी तर कागदवाला गट पुढे होता. कारण सोपं आहे. कागदावरच्या चित्रापाशी माणूस हवा तेवढा वेळ थांबतो, मागे जातो, पुन्हा बघतो. फिल्म त्याच्यासाठी थांबत नाही. कळलं नाही तरी पुढचं दृश्य येतंच.

एवढंच सांगून थांबले तर साहेबांवर अन्याय होईल. २००७ मध्ये होफ्लर आणि लॉइटनर या जर्मन संशोधकांनी २६ अभ्यास एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा अ‍ॅनिमेशनचं पारडं जड निघालं. सगळ्यात मोठा फायदा दिसला तो हातांनी करायच्या कामांत, म्हणजे जिथे हालचाल हीच शिकायची गोष्ट आहे तिथे. तुमचं काम नेमकं तसलंच आहे. तेव्हा प्रश्न असा विचारा: आमच्या शॉपमध्ये अशी कोणती हालचाल आहे, जी नव्या मुलाला दिसली पाहिजे, पण मशीनसमोर उभं करून आम्ही दाखवू शकत नाही?

या कसोटीला जे उतरेल त्याचंच अ‍ॅनिमेशन करायचं. बाकी सगळं माणसाने दाखवायचं.

दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटासाठी भांडवल उभं करताना कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी छबी घेत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली आणि पैसे देणाऱ्याची खात्री पटली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी ओळखलं होतं की डोळ्याला एरवी न दिसणारं दाखवणं ही या माध्यमाची खरी ताकद आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विमानांच्या कारखान्यांत हजारो नवखे कामगार भरती झाले, तेव्हा लॉकहीड कंपनीसाठी डिझ्नी स्टुडिओने रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, कसे बसवायचे यावर अ‍ॅनिमेशनपट केला. तिथेही कारण हेच. रिव्हेट ठोकताना पत्र्याच्या आत काय होतं हे बाहेरून दिसत नाही. चित्रात पत्रा आडवा कापून ते दाखवता येतं.

आता तुमच्या प्रेसकडे वळते, कारण सगळं मर्म तिथे आहे.

तुमच्याकडे जुने पिन क्लचचे मेकॅनिकल प्रेस असतील असं धरून चालते. भोसरी-चाकण पट्ट्यात ते अजून भरपूर आहेत. मोटर फ्लायव्हील नावाचं जड चाक फिरवते आणि ते सतत फिरत असतं. पेडल दाबलं की क्लचची पिन फ्लायव्हीलमध्ये अडकते, क्रँकशाफ्ट एक पूर्ण फेरा घेतो, आणि रॅम, म्हणजे पत्र्यावर दाब देणारा भाग, खाली येऊन वर जातो. वर पोचताना पिन सुटली पाहिजे. पिन झिजली असेल, स्प्रिंग मेली असेल, तर ती सुटत नाही. पेडलवर कुणाचा पाय नसताना रॅम पुन्हा खाली येतो. तुमच्या शॉपमध्ये याला डबल स्ट्रोक म्हणत असतील, काही ठिकाणी रिपीट म्हणतात. त्या क्षणी ऑपरेटरचा हात तयार जॉब, म्हणजे पार्ट, काढायला डायमध्ये, म्हणजे साच्यात, गेलेला असतो. त्याची चूक शून्य, आणि बोटं मात्र त्याची.

नव्या मुलाला हे कसं दाखवणार? क्लच कव्हरच्या आत असतो. चालत्या प्रेसचं कव्हर उघडून दाखवता येत नाही, आणि डबल स्ट्रोक मुद्दाम घडवून तर मुळीच दाखवता येत नाही. "रॅमखाली हात घालू नको" असं अण्णा शंभरदा सांगतात, पोरगा मान डोलावतो. त्याच्या मनात मात्र पक्कं बसलेलं असतं की पेडल माझ्या पायाखाली आहे, मी दाबलं नाही तर रॅम कशाला खाली येईल? ही समजूत शहाण्या माणसाचीच आहे, फक्त चुकीची आहे, आणि उपदेशाने ती हलत नाही. कव्हर पारदर्शक करून, वेग दहापट मंद करून, झिजलेली पिन सुटता सुटता अडकून राहते हे एकदा चित्रात दिसलं की हलते. अडीच मिनिटांचं काम आहे. स्टुडिओला पहिली ऑर्डर याचीच द्या.

दुसरी क्लिप फ्लायव्हीलची. स्विच बंद केला, मोटरचा आवाज थांबला, म्हणजे मशीन मेलं असं नव्या माणसाला वाटतं. जड फ्लायव्हील पुढे बराच वेळ फिरत राहतं आणि त्या वेळात पेडलवर पाय पडला तर पूर्ण ताकदीचा स्ट्रोक बसू शकतो. डाय बदलताना होणारे काही अपघात यातून होतात. फिरत्या चाकात साठलेली ताकद रंगाने दाखवा, चाक पूर्ण थांबेपर्यंत तो रंग ओसरत जाऊ दे, आणि त्यानंतरच रॅमला वर अडवून धरणारा सेफ्टी ब्लॉक लावलेला दाखवा.

तिसरी, शॉपमध्ये फोर्कलिफ्ट फिरत असेल तर तिची. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, म्हणून वळताना तिचा मागचा भाग झपकन बाहेर फेकला जातो. बाजूला निवांत उभ्या असलेल्या माणसाला याचा अंदाज येत नाही. पुढे कॉइल किंवा बिन उचललेली असेल तर ड्रायव्हरला समोरचंही दिसत नाही. वरून बघितलेल्या चित्रात ड्रायव्हरला न दिसणारी जागा गडद करून दाखवली की दोन मिनिटांत विषय संपतो.

सेफ्टीचं एवढंच. हेल्मेट कसं घालायचं, बटण कुठे आहे, स्क्रॅप कुठे टाकायचा, फाइव्ह एसच्या रेघा कुठल्या, याचं अ‍ॅनिमेशन करून पैसे घालवू नका. खरं हेल्मेट, खरं बटण, खरी रेघ दहा पावलांवर असताना त्यांचं चित्र कशाला बघायचं? कंपनीचा इतिहास आणि साहेबांचा संदेशही यात नको. साहेबांचं काम मी वेगळं काढून ठेवलंय, त्याकडे येतेच.

लांबीबद्दल सांगते. २०१४ मध्ये एडएक्सच्या ऑनलाइन वर्गांतल्या सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंची नोंद अभ्यासली गेली. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक त्याला साधारणपणे सहा मिनिटांपलीकडे देत नव्हते. ते स्वतःहून शिकायला बसलेले विद्यार्थी होते. तुमचा मुलगा रात्रीच्या गाडीने प्रवास करून आलाय, खोलीची सोय झालेली नाही, गेट पास अजून मिळाला नाही. त्याच्यापुढे वीस मिनिटांची फिल्म लावली तर तो डोळे उघडे ठेवून बसेल, बाकी काही नाही.

स्टुडिओशी काम करताना एका गोष्टीला फार जपा. बहुतेक स्टुडिओंकडे तयार पात्रं आणि तयार कारखाना असतो. पिवळं हेल्मेट, निळा डगला, हातमोजे घातलेला हसरा कामगार. तोच प्रेसवर, तोच ड्रिलवर, तोच लेथवर. आता बघा, पत्र्याच्या धारदार कडा हाताळताना हातमोजे हवेतच. फिरत्या ड्रिलवर किंवा लेथवर तेच हातमोजे घातले तर त्यांचा धागा अडकून हात आत खेचला जातो. तिथे मोजे घालायचे नसतात. चित्र काढणाऱ्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. त्याने सगळ्यांना मोजे घातले आणि तुम्ही घाईत फिल्म पास केली, तर तुमची सेफ्टी फिल्मच धोका शिकवायला लागेल. म्हणून स्टोरीबोर्ड ऑफिसात एसीत बसून पास करू नका. कागद घेऊन प्रेसपाशी जा. अण्णा, एक मेंटेनन्सवाला आणि नुकताच लागलेला एक मुलगा, अशा तिघांना एकेक चित्र दाखवा. आपलं पेडल असं आहे का? बटण याच बाजूला आहे? मुलगा "हे काय आहे?" म्हणाला की ते चित्र बदलायचं.

क्लिपा कोणत्या करायच्या हे ठरवायच्या आधी तुमची अपघात नोंदवही काढा. तिच्यात न गेलेल्या गोष्टीही विचारा: हात थोडक्यात वाचला, बिन घसरली पण पायावर पडली नाही. ही माहिती शिफ्ट सुटताना चहावर मिळते, फॉर्म भरून मिळत नाही. वर मी सांगितलेल्या तीन क्लिपांपेक्षा तुमची वही वेगळं काही सांगत असेल तर वहीचं ऐका.

भाषेचं विचारलंत. हिंदी आणि मराठी या दोन करा, ओडियाची सोय ठेवा. सोय कशी ठेवायची, तर चित्रात लिहिलेला मजकूर जवळजवळ नको. बाण, रंग, बोटाची खूण यांनी काम चालवा. आवाजाचा ट्रॅक वेगळा ठेवायला सांगा, म्हणजे पुढे कधी ओडिया बोलणारा ऑपरेटर मिळाला की त्याच्या आवाजात तीच फिल्म तयार होते. पडद्यावर वाक्य आणि तेच वाक्य आवाजातही, असं करू नका. मेयर यांच्या प्रयोगांत दिसलंय की डोळे वाचायला लागले की चित्राकडचं लक्ष सुटतं. अपवाद एकट्या-दुकट्या शब्दाचा. "क्लच", "डाय", "सेफ्टी ब्लॉक" हे शब्द मुलाने पहिल्यांदा ऐकलेत, ते ठळक दिसले तर फायदा होतो, विशेषतः भाषा परकी असेल तर.

आणि बोली. "कर्मचाऱ्यांनी यंत्र कार्यरत असताना सुरक्षित अंतर राखणे आवश्यक आहे" असली वाक्यं स्क्रिप्टमध्ये दिसली की खोडा. समोरच्याशी बोलल्यासारखं सांगितलं तर माणूस जास्त शिकतो, हेही त्याच संशोधनातून आलंय, आणि अण्णांना ते संशोधन न वाचता माहीत आहे. अण्णा जसं सांगतात तसं लिहा: "जॉब अडकला? हात नाही घालायचा. चिमटा घे. चिमट्याने निघत नसेल तर मला हाक मार." शक्य असेल तर आवाजही त्यांचाच घ्या. स्टुडिओ म्हणेल, प्रोफेशनल आवाज हवा. तुमच्या शॉपच्या मुलांना अण्णांचा आवाज ओळखीचा आहे, आणि ज्यांना नाही त्यांना तो दुसऱ्या मिनिटाला प्रेसपाशी भेटणार आहे.

अण्णांकडची आणखी एक गोष्ट अ‍ॅनिमेशनला काढता येत नाही. त्यांना प्रेसचा आवाज कळतो. क्लच बिघडायला लागला की बरेचदा ठोक्याचा आवाज बदलतो आणि मुरलेला ऑपरेटर पाठ करून उभा असला तरी मान वळवून बघतो. तेव्हा पिनच्या क्लिपमध्ये संगीत घालूच नका. चांगल्या प्रेसचा खरा आवाज रेकॉर्ड करा, आणि मेंटेनन्सला आलेल्या प्रेसचा, क्लच दुरुस्त करण्याआधीचा आवाजही रेकॉर्ड करा. रॅमखाली कोणीही नसताना, मेंटेनन्सवाल्याच्या देखरेखीत. दोन्ही एकामागून एक ऐकवा. चित्र खोटं असलं तरी चालेल, आवाज खरा हवा.

अपघात दाखवायचा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, स्टुडिओ विचारेल. माझं मत स्पष्ट आहे. कार्टूनचं बोट तुटतं, डोळ्यांपुढे तारे चमकतात, पुढच्या दृश्यात तो पट्टी बांधून हसतोय, हे कदापि नको. बोट परत येत नाही. रक्ताचं भीषण चित्रही नको. भेदरलेला मुलगा शिकत नाही, नजर चुकवतो. रॅम खाली येतोय आणि चिमटा आत आहे, हात बाहेर आहे, इथे दाखवून थांबा.

एक सवय तर मला या फिल्मांतली मनापासून खटकते. जवळपास प्रत्येकीत एक बेफिकीर कामगार असतो. तो ऐकत नाही, घाई करतो, आणि त्याला अपघात होतो. बघणाऱ्याच्या मनावर ठसतं की अपघात म्हणजे कामगाराची चूक. सेफ इन इंडिया ही संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांबरोबर काम करते आणि २०१९ पासून त्यावर अहवाल काढते. हरियाणाच्या पट्ट्यातून सुरू झालेल्या या अहवालांत पुन्हा पुन्हा एकच चित्र येतं: पॉवर प्रेस, तुटलेली बोटं, आणि जखमींत मोठ्या संख्येने बाहेरगावाहून आलेले, कॉन्ट्रॅक्टवरचे कामगार. एवढी माणसं एकसारखी बेफिकीर नसतात. मशीनला गार्ड नसतो, मेंटेनन्स पुढे ढकललेला असतो, टार्गेट डोक्यावर असतं. तुमच्या फिल्ममध्ये तो बेफिकीर गडी नको. त्याच्या जागी आवाज बदलल्याचं ओळखून प्रेस बंद करणारा आणि सुपरवायझरला हाक मारणारा ऑपरेटर दाखवा.

इथे साहेबांना सांगायची सगळ्यात अवघड गोष्ट येते, आणि ती तुम्हालाच सांगावी लागेल. फिल्मने गार्डची जागा भरत नाही. धोका काढून टाकणं पहिलं, मशीनलाच संरक्षण बसवणं त्यानंतर, शिकवणं त्याच्याही खाली आणि हातमोजे-बूट सगळ्यात शेवटी; सुरक्षेच्या कामात हा क्रम जगभर मानतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मशीनला संरक्षक कुंपण घालण्याची आणि कामगाराला माहिती, प्रशिक्षण, देखरेख देण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. त्याची जागा घ्यायला आलेल्या २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेतही ती कारखानदारावरच आहे. पैसे मर्यादित असतील आणि गार्ड की फिल्म असा प्रश्न असेल, तर गार्ड. आणि खरेदी करताना एवढं बघा: पिन क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, लावून उपयोग होत नाही. त्याचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्ये थांबत नाही, मग हात आलेला कर्टनला कळला तरी तो करणार काय? तिथे फिक्स गार्डच हवा, बोट शिरणार नाही असा. एखादा विक्रेता सरसकट सगळ्या प्रेसना कर्टन विकायला आला तर मेंटेनन्सवाल्याला सोबत घेऊन बसा.

आता साहेबांचं राखून ठेवलेलं काम. नव्या मुलाला मशीन थांबवायची भीती वाटते. प्रॉडक्शन बुडालं तर कॉन्ट्रॅक्टर उद्या गेटवरून परत पाठवेल, हे त्याला पक्कं माहीत असतं. "आवाज वेगळा वाटला तर प्रेस बंद कर, तुला कोणी काही बोलणार नाही" हे वाक्य कार्टूनच्या तोंडी घातलं तर त्याला कवडीची किंमत नाही. ते साहेबांनी स्वतः, कॅमेऱ्याकडे बघत, शॉपमध्ये उभं राहून बोलायला हवं; शेजारी सुपरवायझर आणि कॉन्ट्रॅक्टर उभे हवेत. अर्ध्या मिनिटाचा साधा मोबाइलवरचा व्हिडिओ पुरे. अर्थात पुढच्या वेळी कोणी प्रेस थांबवला आणि सुपरवायझर त्याच्यावर ओरडला, तर तो व्हिडिओ त्या दिवशी मेला असं समजा.

पगार-रजेची क्लिप करायला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड कशाचं, दवाखान्यात गेल्यावर काय दाखवायचं, यूएएन हा पीएफचा नंबर म्हणजे काय, पगाराच्या स्लिपवर कापलेले पैसे कुठे जातात, हे विचारायला मुलं लाजतात. चित्रातून शांतपणे कळलं तर त्यांना बरं वाटतं, आणि गावाकडच्या बायकोलाही ते फोनवर दाखवता येतं. फक्त त्यात आकडे घालू नका. १ जुलै २०१९ ला ईएसआयची कामगाराकडून होणारी कपात पगाराच्या १.७५ टक्क्यांवरून ०.७५ टक्क्यांवर आली. जूनमध्ये कुणी आकड्यासह फिल्म केली असेल तर ती महिनाभरात खोटी ठरली. पैसा कुठून कुठे जातो तो रस्ता चित्रात दाखवा. टक्के, फोन नंबर, बसच्या वेळा, कॅन्टीनचे दर हे एका कागदावर छापून हातात द्या. कागद बदलायला झेरॉक्सचे पैसे पडतात. याच कारणाने स्टुडिओकडून सोर्स फाइल्स मिळतील हे कोटेशनवरच लिहून घ्या. उद्या प्रेसला गार्ड बसला की चित्र बदलावं लागेल, आणि फाइल्स नसतील तर पुन्हा पहिल्यापासून पैसे मोजावे लागतील.

फिल्म दाखवायची पद्धतही ठरवून टाका. ट्रेनिंग रूममध्ये पन्नास जणांना एकदम बसवून, दिवे घालवून नको. चार-पाच मुलं, प्रेसच्या जवळची शांत जागा, एक टॅब्लेट, आणि अण्णा. पिनची क्लिप लावायची, पिन अडकते तिथे थांबवायची आणि विचारायचं: आता काय होईल? मुलांना बोलू द्या, चुकू द्या. मग पुढे दाखवा. लगेच बंद असलेल्या प्रेसपाशी नेऊन क्लच कुठे आहे, चिमटा कुठे टांगलाय, बंद करायचं बटण कुठलं, हे मुलाला स्वतःच्या हाताने दाखवायला लावा. युद्धकाळात अमेरिकी कारखान्यांसाठी बसवलेली कामगार-प्रशिक्षणाची एक चार पायऱ्यांची पद्धत आहे: तयारी करून घ्या, दाखवा, करायला लावा, नंतर येऊन बघा. फिल्म फार तर दुसऱ्या पायरीला मदत करते. उरलेल्या तीन पायऱ्यांसाठी अण्णांचे दोन दिवस लागतातच, आणि साहेबांना दोन दिवसांचं कारण हेच सांगा.

आठवड्याने पुन्हा विचारा, महिन्याने पुन्हा. फिल्म परत दाखवण्यापेक्षा विचारणं जास्त टिकतं. आठवून सांगायला लागलं की गोष्ट पक्की होते. टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या सेफ्टीच्या गप्पांत, दोन मिनिटं पुरतात. "फिल्म पाहिली" म्हणून रजिस्टरवर सही घेता, ती घ्या, पण तिच्या शेजारी आणखी एक रकाना करा: कोणत्या प्रेसवर, कोणासमोर करून दाखवलं, तारीख. तो रकाना रिकामा असेल तर मुलाला प्रेसवर उभं करायचं नाही.

अण्णांशी आधी तुम्ही बोला, साहेबांच्या आधी. त्यांना वाटतंय की आपल्याला मोडीत काढताहेत. स्टुडिओची पहिली मीटिंग त्यांच्या प्रेसपाशी ठेवा, स्क्रिप्ट त्यांच्याकडून घ्या, फिल्मवर नाव द्यायचं असेल तर पहिलं त्यांचं द्या. आणि त्यांच्या हाताखाली आत्तापासून दोन माणसं तयार करा, एक मराठी बोलणारा आणि एक हिंदी. ते गेल्यावर टॅब्लेट लावायला कोणीही मिळेल. क्लिप थांबवून योग्य प्रश्न विचारणारा माणूस तयार व्हायला वेळ लागतो.

४ मार्चची घाई असेल तर एकच क्लिप करा, पिनची. त्या दिवशी हारतुरे झाले की ती अण्णांनाच चालवू द्या, आणि साहेबांना पहिल्या रांगेत नव्या मुलांसोबत बसवा. "आता काय होईल?" हा प्रश्न अण्णांनी साहेबांनाही विचारावा. बाकीच्या क्लिपा पावसाळ्यापर्यंत झाल्या तरी चालतील. प्रेसच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मात्र लांबवू नका. मेंटेनन्सचा पुढचा दिवस कधी आहे ते आजच विचारून ठेवा.